दाभण, टोल आणि महाराजांची मिशी

रुईगडच्या सर्जेराजांना स्वतःच्याच गडाच्या दरवाजाबाहेर रात्र काढावी लागली! गवळ्याच्या गोठ्यात, वासराच्या शेजारी. सूर्य अजून कासराभर वर होता, तोच पूर्व दरवाजा बंद झाला. आणि एकदा लागलेला दरवाजा सकाळपर्यंत राजालाही उघडायचा नाही, हा त्यांच्याच आजोबांचा नियम.

दरवाजा लावणारा पहारेकरी म्हणजे माझा नवरा.

सकाळी दरबारात महाराज कडाडले, "उन्हं असताना दरवाजा लावतोस?"

हे हात जोडून म्हणाले, "महाराज, दरवाजा लावायचे तीस टोल पुरे झाले होते."

"राजवाड्यात सत्तावीसच झाले होते!"

आमच्याकडे वेळ मोजायची ती वाटीने. पाण्याच्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. तिच्या तळाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, द्यायचा टोल. गडाला दरवाजे चार, वाट्या चार आणि राजवाड्याची एक पाचवी.

महाराज म्हणाले, "आठ दिवसांत चारी दरवाजांचे टोल एकदम पडले पाहिजेत. नाहीतर तोंड काळं करून गाढवावरून धिंड!"

मला कुठे गप्प बसता येतं! पुढे झाले. "मग चौघांनाही हुकूम द्या ना, राजवाड्याची वाटी बघून आपली लावा म्हणून."

"हुकूम नाही! प्रत्येक पहारेकरी आपल्या घटकेचा धनी, हाही आजोबांचा नियम. राजवाड्याचं दार उघडं आहे. विचारायला येईल त्याला वेळ सांगू. न विचारणाऱ्याच्या मागे आम्ही लागत नाही."

घ्या! हुकूम नाही, शिपाई नाही, आणि टोल मात्र एकदम.

मी पदर खोचला आणि पश्चिम दरवाजा गाठला. तिथला हैबती म्हातारा घंगाळाशी बसलेला. त्याच्या वाटीवर पाण्याचा क्षार बोटभर चढलेला, भोक पार बुजत आलेलं.

"हैबतीमामा, वाटी बुडते तरी का कधी?"

"बुडते की! माझी घटका कधी चुकत नाही. चुकते ती उत्तरेच्या बाळोबाची."

"राजवाड्यात जाऊन एकदा विचारा तरी."

"तीनशे पायऱ्या चढून? आणि कशाला? माझी बरोबर असताना!"

बाळोबाकडे गेले. त्याची वाटी दगडावर आपटून चेपलेली. तोही छाती फुगवून म्हणाला, "गडावर खरी घटका एकच. माझी!" दक्षिणेचा तर माझ्यावरच खेकसला.

मी मनात म्हटलं, काय एकेक महामूर्ख! शहाणे काय ते आमचेच हे. घरी येऊन ऐटीत आमची वाटी उन्हात धरली. बघते तर काय! भोकातून उजेड भसकन आला. दसऱ्याला मीच ती चिंच-राखेने घासली होती. भोकात मळ दिसला म्हणून दाभण घालून चांगलं गरागरा फिरवलं होतं, आणि शेजारणीला बोलावून दाखवलंही होतं, की बघ, भांडं असं घासावं! भोक झालं मोठं, वाटी बुडायला लागली लवकर. महाराजांना गोठ्यात झोपवलं ते माझ्या दाभणाने. तीन महामूर्खांत चौथी मी, आणि पाटावर बसायचा मान माझाच.

आठवा दिवस उजाडला. घाईघाईने तवा घासला आणि नवऱ्यापाठोपाठ दरबारात गेले. उत्तर? कसलं उत्तर! डोकं रिकाम्या घंगाळासारखं.

महाराजांनी विचारलं, "काय बाई, जुळले टोल?"

मी मान वर केली, आणि मला दिसलं. महाराजांच्या डाव्या मिशीला पिठलं लागलं होतं. चांगलं वाळलेलं. सगळा दरबार छताकडे बघत होता.

मी विचारलं, "महाराज, आज न्याहारीला पिठलं होतं का?"

"तुला कसं कळलं?"

"मिशी सांगतेय."

महाराजांनी हात लावला आणि लालबुंद झाले. "प्रधानजी! सकाळपासून कुणी सांगितलं का नाही?"

प्रधानजी चाचरले. त्यांच्या वतीने मीच बोलले, "तुम्ही विचारलंत कुठे? विचारेल त्याला सांगावं, हा तुमचाच नियम!"

"पण मला लागलंय हे ठाऊक असतं तर विचारलं असतं ना!"

"तेच तर! ज्याची वाटी चुकते त्याला ती चुकतेय हे दिसतच नाही. मग तो तीनशे पायऱ्या चढेल कशाला? महाराज, हुकूम नका देऊ. फक्त रोज माध्यान्हीला राजवाड्यावर नगारा वाजवा. नगारा झाला की वाटी रिकामी करून नव्याने सोडायची, असा रिवाज ठेवा. ज्याला नको असेल त्याने चढून यावं आणि नको म्हणावं. दार उघडंच आहे."

"आणि चौघेही नको म्हणायला आले तर?"

"ज्या आळसाने कुणी विचारायला आलं नाही, त्याच आळसाने कुणी नको म्हणायलाही येणार नाही!"

महाराजांनी चारी दरवाजांवर हा रिवाज कळवला, आमचे हे धावत आपल्या घंगाळाशी गेले, आणि नगारा वाजला. दरबार कान देऊन बसला. एक घटका गेली, आणि चारी दिशांनी टोल आले. हैबतीने क्षार खरवडला नव्हता, म्हणून त्याचा जरा रेंगाळत आला आणि आमचा जरा आगाऊ. पण पूर्वी तीन-तीन घटकांचं अंतर पडायचं, आता दोन शिंकांचं राहिलं.

प्रधानजींना कंठ फुटला. "आणि राजवाड्याचीच वाटी चुकली तर? अख्खा गड चुकेल!"

"चार वाट्या बुडाल्या आणि राजवाड्याची एकटी तरंगत राहिली, तर महाराजांनी आधी आपली मिशी बघावी!"

महाराज खो खो हसले. हसता हसता थांबून माझ्याकडे टक लावून बघायला लागले.

"बाई, नवऱ्याचं तोंड काळं होऊ नये म्हणून आलीस, आणि स्वतःचं काळं करून आलीस?"

मी नाकाला हात लावला. बोटाला तव्याची काजळी! एवढं मोठं शहाणपण मी काळ्या नाकाने सांगत होते.

"अगं बाई! मग सांगितलं का नाही कुणी?"

"तू विचारलंस कुठे?"

"बघा, महाराज! म्हणूनच म्हणते, नगारा पाहिजेच!"

महाराज हसून हसून गादीवर आडवे झाले. नवऱ्याची चाकरी कायम राहिली. मला हिरवं लुगडं, पाच नव्या वाट्या आणि रोजचा नगारा वाजवायचा मान मिळाला. वाटीचं भोक कुणी मोठं केलं तेही मी सांगून टाकलं, म्हणून दाभण मात्र त्याच दिवशी जप्त झालं.