बोठ्यांची वन-टन

"...तर मग यातली कोणती घेऊ, महाराज?"

सुभेदारमहाराज मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसून तण काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशातली?"

उल्हास बोठे गोंधळला. मघापासून तो एकटाच बोलत होता. लष्कराने काढून टाकलेल्या, नगरकडे ज्यांना सरसकट डिस्पोजलच्या गाड्या म्हणतात, त्यांतल्या तीन त्याने हेरून ठेवल्या होत्या. लहान जोंगा, मधली वन-टन आणि थोरला अडीच टनी ट्रक. कुणाचं इंजिन किती ताकदीचं, कोण किती पाण्यातून जाते, कुणाचे सुटे भाग कुठे मिळतात, सगळं त्याने घडाघडा म्हणून दाखवलं होतं. त्याच्या टाइल्सच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने याच्या निम्मं जरी विचारलं असतं, तरी त्याने चहा मागवून वेळ मारून नेली असती.

"गाड्यांतली, महाराज."

"हां."

पुन्हा तण.

महाराज मूळचे पलटणीतले धर्मगुरू. जवानांचे सणवार, पूजा, कुणी गेलं तर त्याचं शेवटचं, हे सगळं बघण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधून राहिले. लोक त्याला मठ म्हणत, ते नको म्हणत नसत. लष्करातला माणूस, म्हणजे लष्करी गाड्यांचा जाणकार, असा उल्हासचा सरळ हिशोब होता.

"मला गाड्यांतलं काही कळत नाही, बोठे."

"असं कसं? सगळी नोकरी या गाड्यांतून हिंडलात तुम्ही."

"मागे बसून."

उल्हास हसला. संतमंडळी अशी आडवळणाने बोलतात हे त्याला माहीत होतं. अर्थ काय ते नंतर बघू, आधी गाडी ठरू दे.

"कशासाठी घ्यायची?" महाराजांनी विचारलं.

"घरच्यांसाठी. शनिवार-रविवार जोडून बाहेर पडायचं. साध्या गाड्या जिथे हात टेकतात, तिथे जायचं."

"तिथे काय आहे?"

त्याने वळून पाहिलं. फाटकापाशी हिरव्या रंगाची ती वन-टन उभी होती. तिच्या सावलीत त्याची बायको वृंदा आणि मुलगी केतकी उभ्या होत्या. दोघी कशावर तरी हसत होत्या. तो गाडीपाशी गेला असता तर ते हसणं थांबलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"केतकी जूनमध्ये बंगळुरूला चाललीय, शिकायला," तो म्हणाला. "ती माझ्याशी बोलत नाही, महाराज. भांडण म्हणावं तर तेही नाही. 'हो', 'नाही', 'जेवले'. संपलं. मला वाटतं, जायच्या आधी चार दिवस सगळे एकत्र हिंडलो, तर..."

महाराजांनी हातातलं तण बाजूला टाकलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं मायेचं होतं.

"ही दारातली कुणाची?"

"यार्डवाल्याने आजच्या दिवसापुरती दिलीय. चालवून बघा म्हणाला."

"मग चला. पठारावर जाऊन येऊ."

आता निघायचं तर बसायचं कसं, हे आलं. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एक सीट होती, पण तिच्यावर उल्हासचा संसार मांडलेला होता. ओढायचा जाड दोर, जॅक, हवेचा पंप, पाण्याचे कॅन, फावडं. गाडी अजून घेतली नव्हती, सामान मात्र केव्हाचं घेऊन झालं होतं.

"तुम्ही पुढे बसा, महाराज. हे काढतो मी."

"राहू द्या. मला मागची सवय आहे."

मागे ताडपत्रीखाली समोरासमोर दोन लांब लोखंडी बाक. त्यांच्या आणि केबिनच्या मध्ये जाड पत्रा. केतकी चढताना थबकली. तिने आईकडे पाहिलं. आईने पर्समधून आवळासुपारी काढून गुपचूप तिच्या हातावर ठेवली. उल्हास त्या वेळी पुढच्या टायरवर बूट आपटून बघत होता.

गाडी निघाली.

वाट कसली, पाण्याने खणलेली घळच ती. उल्हासने चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोरचा दांडा ओढला. वन-टनने नाक वर केलं आणि ती धोंड्यांवरून अशी चढू लागली की त्याच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं फोनच्या पडद्यावर पाहिलेलं आज त्याच्या हाताखाली घडत होतं.

"बघितलंत का?" तो पत्र्याकडे मान वळवून ओरडला. "अडत नाही! बिलकुल अडत नाही!"

मागून पत्र्यावर थाप पडली. धप, धप.

त्याची छाती फुगली. वृंदा असेल. नाही... केतकी असेल. केतकीच असणार.

त्याने आणखी जोर दिला.

पुन्हा थाप. या खेपेला कितीतरी. दोन्ही हातांनी बडवावं तशी.

"हे तर काहीच नाही!" तो ओरडला. "पुढे बघा!"

ओढ्यापाशी वाटेत एक धोंडा आडवा आला. उल्हासने गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरला. त्याने धोंडा चहूबाजूंनी न्याहाळला, फावड्याने खालची माती काढली, पाठ लावून तो ढकलला. घामाघूम झाला. मग हात झटकत, धोंड्याकडे विजयी नजर टाकत तो परत केबिनमध्ये चढला. मागे काय चाललंय, हे बघायला चार पावलंही लागली नसती. पण त्या क्षणी त्याला फक्त धोंडा दिसत होता, आणि धोंडा हरला होता.

त्यानंतर थापा पडल्या नाहीत. आता मंडळी निसर्गात रमली, असं त्याने ठरवून टाकलं. वरच्या टप्प्यात तो मागच्यांना सगळं समजावून सांगत राहिला. हा उतार केवढा आहे, इथे दुसरी गाडी असती तर कशी घसरली असती, पुढच्या रविवारी कुठे जायचं. एकदा तर त्याने विचारलंसुद्धा, "काय केतकी, आवडली का?" आणि इंजिनच्या घरघरीतच त्याला होकार ऐकू आला.

पठार आलं. मोकळं, पिवळ्या गवताचं, वाऱ्याचं. त्याने इंजिन बंद केलं.

"उतरा! आलो!"

कुणी उतरलं नाही.

तो हसत हसत मागे गेला. मागची फळी खाली लोंबत होती. दोन्ही बाक रिकामे होते.

त्याने उगाच ताडपत्री वर करून पाहिलं. मग बाकांखाली वाकून पाहिलं. तीन माणसं बाकाखाली कशी मावतील, हे त्याला नंतर सुचलं.

"वृंदा!"

वारा फक्त.

फळी उघडी... चढ एवढा... कुठे पडले असतील? त्याने गाडी तशीच सोडली आणि ज्या वाटेने मोठ्या दिमाखात वर आला होता, त्या वाटेने खाली पळत सुटला. दोनदा घसरला. कोपर सोललं. प्रत्येक वळणावर त्याला भलतंसलतं दिसत होतं, आणि प्रत्येक वळणावर तो मुलीला हाक मारत होता.

ओढ्याच्या काठी करंजाच्या सावलीत तिघं बसली होती. केतकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. महाराज करंजाच्या डहाळीने तिला वारा घालत होते.

"काय झालं? लागलं का कुठे?"

"पडलं नाही कुणी," वृंदा म्हणाली. "तिला गाडी लागली."

"गाडी लागली? अगं, ते लहानपणी व्हायचं तिला."

"अजून होतं. मागे बसली की होतंच. किती बडवला पत्रा आम्ही! तुम्ही इथे थांबलात, म्हणून कशीबशी उतरवली तिला. ती ओकत होती, मी तिला धरून. हाका मारल्या तुम्हाला. तुम्ही धोंडा बाजूला केलात आणि गेलात निघून."

उल्हास उभा होता तिथेच खाली बसला.

"थाप ऐकली मी," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं... शाबासकी देताय."

ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, नाहीतर तोही ऐकू आला असता.

आणि मग केतकीच्या पोटातून खुदकन काहीतरी वर आलं. ती हसत होती. पांढऱ्याफटक चेहऱ्याने, डोळे मिटून, आईच्या मांडीवर पडल्या पडल्या हसत होती.

"पप्पा... शाबासकी?"

वृंदालाही हसू आवरेना. उल्हास दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींतलं कोणतं आधी येऊ द्यावं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"महाराज, तुम्ही तरी..." तो म्हणाला.

"आमच्याकडे पलटणीत थाप म्हणजे थांबा," महाराज म्हणाले. "तुमच्याकडचं मला माहीत नव्हतं."

थोड्या वेळाने केतकी उठून बसली. गाडी वर होती, तेव्हा वर जाणं भागच होतं. चौघं पायी निघाली. केतकी आणि उल्हास मागे पडले. त्याने तिला काही विचारलं नाही, विचारायची त्याची छातीच नव्हती. तीच बोलली. बंगळुरूला जायची भीती वाटते, म्हणाली. घरी सांगितलं तर जाऊ देणार नाहीत, म्हणून बोलले नाही, म्हणाली. तो ऐकत चालला. मध्येच एखादा उपाय त्याच्या ओठांवर यायचा, तो त्याने दरवेळी गिळला.

पठारावर पोचल्यावर वृंदाने हात पुढे केला.

"किल्ली द्या. खाली मी नेते."

"तू? ही?"

"माहेरी उसाचा ट्रॅक्टर कोण चालवायचं?"

हे त्याला माहीत होतं. लग्नाआधी सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. त्यानंतर तो ते साफ विसरला होता.

पुढच्या सीटवरचा दोर, जॅक, पंप, कॅन सगळं मागे गेलं. केतकी आईशेजारी बसली. उल्हास आपल्या सामानासोबत मागे चढला. समोरच्या बाकावर महाराज. वृंदाने फळी लावून कडी घट्ट केली, ती हलवून पाहिली आणि मग पुढे गेली.

गाडी उतरू लागली.

मागे अंधार नव्हता, पण दिसतही काही नव्हतं. दिसायची ती फक्त सोडून आलेली वाट. बाकाची कड मांडीत रुतत होती. धूळ आत येत होती. जॅक इकडून तिकडे घरंगळत होता आणि दर खेपेला त्याच्याच नडगीवर येऊन थांबत होता. पत्र्यापलीकडून दोघींचे आवाज येत होते. शब्द कळत नव्हते. हसू तेवढं कळत होतं.

आपण नसताना ही अशी हसतात, हे त्याला आजवर झोंबायचं. आज नुसतं ऐकावंसं वाटलं. त्याने डोकं पत्र्याला टेकलं. हा आवाज जूनपासून घरात नसणार. या विचारासरशी त्याचे डोळे भरून आले, आणि महाराज समोर असूनही त्याने ते पुसले नाहीत.

महाराज बाहेर बघत होते.

एकाएकी गाडी थांबली.

उल्हासने चमकून महाराजांकडे पाहिलं. महाराजांचे दोन्ही हात मांडीवर होते. याचेही.

पावलं वाजली. फळीपलीकडे वृंदाचा चेहरा दिसला. तिच्यामागे केतकीचा.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. बराच वेळ मागून काही आवाज नाही, म्हणून आले."

"मी थाप मारली नव्हती."

"म्हणूनच थांबले."

"पाणी देऊ का, पप्पा?" केतकीने विचारलं.

पाण्याचे कॅन त्याच्याच पायाशी होते. त्याने मान हलवली... दे. तिने फळीवरून आत हात घालून कॅन ओढला, झाकणात पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. तो प्यायला. मग दोघी पुढे गेल्या. दारं लागली.

उल्हासने महाराजांकडे पाहिलं.

"महाराज..."

महाराजांनी वाकून जॅक उचलला आणि बाकाखाली नीट अडकवून ठेवला.

"घ्या ही गाडी, बोठे... थांबते."