हैबतीचा ट्रॅक्टर आणि पोळ्याची रांग

खूप खूप जुन्या काळची गोष्ट आहे. आता तुम्ही म्हणाल, गोष्टीत ट्रॅक्टर आहे, मग ती जुनी कशी? अहो, ट्रॅक्टरही म्हातारे होतात, आणि हा तर म्हाताऱ्यांतला म्हातारा होता.

एका गावात हैबती नावाचा शेतकरी राहत होता. त्याची बैलजोडी म्हातारपणाने गेली आणि पुन्हा काही त्याच्याकडून जोडी घेणं झालं नाही. एरवी त्याचं काही अडत नसे. पण पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजूनधजून वेशीपाशी रांगेत उभे राहत आणि मालक त्यांच्या शेजारी ताठ मानेने उभे राहत. मग ढोलांच्या गजरात रांग सुटली, की पोळा फुटला म्हणत. ज्याच्या दावणीला जनावर नाही, तो कडेला उभा राहून बघे. हैबती कडेला उभा राही. कोणी त्याला बोलून दाखवत नसे, पण त्याला ते फार लागे.

एकदा बाजाराच्या गावी भंगाराच्या ढिगात त्याला एक जुना ट्रॅक्टर दिसला. चाकं मातीत रुतलेली, इंजिनात चिमणीचं घरटं, आणि रंग तर औषधालासुद्धा उरलेला नाही. हैबतीने तो भाड्याच्या गाडीमागे बांधून घरी आणला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. हैबती मात्र नेटाने कामाला लागला. त्याने गंज घासला, अडकलेला पिस्टन तेल घालघालून सोडवला, मिळेना तो भाग लोहाराकडून घडवून घेतला. अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एके सकाळी त्याने हँडल मारलं, आणि इंजिन खोकलं, शिंकलं, अन् धडधडायला लागलं. हैबतीला रडू आवरेना.

त्याने ट्रॅक्टरला लालभडक रंग दिला. रोज सकाळी तो फडक्याने पुसायचा, संध्याकाळी अंगणात एक फेरी मारायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा. शेतात काही तो न्यायचा नाही. नांगरटीला हा शहाणा शेजारच्या शिदूचे बैल मागून आणायचा! शिदू बिचारा भला माणूस, तो कधी नाही म्हणायचा नाही.

हैबतीची बायको सगुणा म्हणाली, "अहो, दारात ट्रॅक्टर आणि शेतात शिदूचे बैल. हा ट्रॅक्टर आहे की जावई?"

"रंग खराब होईल गं," हैबती म्हणाला. "यंदा पोळ्याच्या रांगेत उभा करायचाय त्याला."

त्या गावाची एक रीत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असे. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा जिथे घासलेला असेल, तिथे लोणी आणि हळद चोळायची. हा मान गावातल्या सर्वांत वयस्क बाईचा, तानाक्काचा होता. तिने ज्याचा खांदा मळला, तोच दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राही.

हैबती दुपारीच ट्रॅक्टर घेऊन हजर झाला. तानाक्का वाटी घेऊन ट्रॅक्टरभोवती सावकाश फिरली.

"देखणा आहे रे," ती म्हणाली. "पण हळद कुठे लावू? याचा खांदा कुठला?"

"हा मागचा हूक, अक्का. इथे नांगर अडकवतात."

"इथे तर रंगसुद्धा उडालेला नाही, बाबा."

हैबती ट्रॅक्टर घेऊन घरी आला. आता त्याने काय करावं? कानस काढली आणि खराखरा त्या हुकावरचा रंग खरवडून टाकला! मग ट्रॅक्टर पुन्हा तानाक्कापुढे नेऊन उभा केला. तानाक्काने हुकावरून बोट फिरवलं आणि तिला हसू आलं.

"हैबती, कामाने घासलेलं लोखंड गुळगुळीत लागतं रे. हे बोटाला टोचतंय."

हैबतीचा चेहरा पडला. त्या पोळ्यालाही तो कडेलाच उभा राहिला, आणि या वेळी त्याला स्वतःचीच जास्त लाज वाटत होती.

पोळा सरला. पाऊस थांबला आणि जमिनीला वाफसा आला. ओल बेताची असली की माती नांगराला नीट वश होते, पण हा वाफसा चार दिवसांचा पाहुणा. नेमका तेव्हाच शिदूचा एक बैल पाय मुरगळून बसला. शिदू बांधावर डोक्याला हात लावून बसलेला हैबतीने पाहिला. त्याची जमीन पडून राहिली असती, तर घरात वर्षाचं धान्य आलं नसतं.

हैबती घरी आला आणि ट्रॅक्टरपुढे उभा राहिला. शिदूचे बैल आपण किती वेळा हक्काने सोडून आणले, ते त्याला आठवलं.

"काय बघताय?" सगुणाने विचारलं.

"याचा रंग शेवटचा बघून घेतोय," हैबती म्हणाला. त्याने वरचं कापड ओढून काढलं आणि हँडल मारलं.

शिदूच्या रानात नांगर जमिनीत शिरला, तसा तो म्हातारा ट्रॅक्टर जरा कण्हला, मग पुढे निघाला. काळी ढेकळं उलटू लागली. बांधावरच्या बाभळीने रंगावर लांबच लांब ओरखडा काढला, आणि गंमत म्हणजे हैबतीला त्याचं काहीच वाटलं नाही. इतका आनंद त्याला अंगणातल्या फेऱ्यांनी कधी दिला नव्हता. त्याने शिदूचं रान नांगरलं, मग आपलं, मग ज्याचं अडलं त्याचं. वर्षभर ट्रॅक्टर चिखलात माखत राहिला आणि हैबती गाणी म्हणत राहिला.

पुन्हा पोळा आला. सकाळीच शिदू निरोप घेऊन आला. "चल, ट्रॅक्टर काढ. तानाक्काने रांगेत तुझी जागा ठेवलीय. हुकाला हळद ती तिथेच लावणार म्हणतेय."

इतकी वर्षं हैबती याच निरोपाची वाट पाहत होता. मग त्याने ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको रे शिदू. आज बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवतं का? मग याचं इंजिन तरी आज कशाला पेटवू? वर्षभर राबलाय. बसू दे सावलीत."

शिदू परत गेला. वेशीवर ढोल वाजू लागले, तेव्हा हैबतीच्या मनात कळ उठली, नाही असं नाही. पण तो ट्रॅक्टरजवळच बसून राहिला.

थोड्या वेळाने ढोल जवळ येऊ लागले. हैबती उठून बघतो, तर झुली पांघरलेली अख्खी रांग त्याच्या गल्लीत वळली होती. पुढे तानाक्का चालत होती. ती अंगणात येऊन थांबली, आणि तिच्यामागे गावचे सगळे बैल ट्रॅक्टरच्या शेजारी ओळीने उभे राहिले.

"ज्याला सुट्टी आहे, त्याच्याकडे आपणच जायचं असतं," तानाक्का म्हणाली आणि कामाने गुळगुळीत झालेल्या हुकाला तिने लोणी-हळद चोळली.

त्या वर्षी पोळा वेशीवरून फुटला नाही, हैबतीच्या अंगणातून फुटला.

तात्पर्य: मान मिरवून मिळत नाही, जो राबणाऱ्याची कदर करतो, त्याच्या दारी तो आपल्या पायांनी चालत येतो.