पारख्याने राखून ठेवलेली काठी

पार उत्तरेला, जिथे अर्धं वर्ष तळी गोठलेली असतात, अशा एका राज्यात एक म्हातारा पारखी राहायचा. तिथली पोरं चालायला लागली की पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून बर्फावर हॉकी खेळायची. त्यांतली गुणी पोरं हेरून राजाच्या संघासाठी निवडायची, हे पारख्याचं काम. ज्याला निवडलं त्याला तो स्वतः तासलेली काठी भर मैदानात द्यायचा. ती मिळाली की पोराचं नशीब उघडलं म्हणून समजा.

पारख्याची नजर तेज, पण कौतुकाला जीभ भारी जड. मूळचा तो काठ्या बनवणारा. ओलं लाकूड ऐन वेळी दगा देतं, म्हणून तो ते चुलीवरच्या आढ्याला टांगून भरपूर वाळवायचा. माणसांनाही त्याने तोच नियम लावला होता.

एका हिवाळ्यात तळ्याकाठच्या गावात त्याला एक पोरगा दिसला. डाव्या कडेने खेळायचा. गोल करणारे दुसरेच, टाळ्याही त्यांनाच. पण चेंडूऐवजी वापरायची ती चकती हातची गेली की बाकीचे कपाळाला हात लावून उभे राहत, आणि हा जिवाच्या आकांताने मागे धावून ती परत आणायचा. पारख्याचा त्याच्यावर जीव जडला. घरी येताच त्याने आढ्यावरचं सगळ्यात जुनं लाकूड काढलं आणि वाढत्या अंगाचा अंदाज धरून त्या पोरासाठी काठी तासली.

"मग देऊन टाका ना त्याला," बायको म्हणाली.

"अजून एक हिवाळा मुरू दे. आत्ताच कौतुक केलं तर शेफारेल."

"निदान तुझा खेळ आवडला, एवढं तरी सांगा."

पारख्याने काठी आढ्याला टांगून ठेवली. निवडीच्या दिवशी त्याने दुसऱ्याच पोराला दुसरी काठी दिली. डाव्या कडेचा पोरगा समोरच उभा होता. पारख्याने मुद्दाम नजर चुकवली.

पुढच्या हिवाळ्यात तो राखून ठेवलेली काठी घेऊन लगबगीने गावात आला. डाव्या कडेला भलताच कुणी खेळत होता. पोरगा काठावर एका ओंडक्यावर बसला होता. त्याचा गुडघा फडक्यांनी बांधलेला होता.

"काय झालं रे?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, आजोबा. मला वाटलं, माझी मेहनत कमी पडली. म्हणून उन्हाळाभर पाठीवर धोंडे बांधून डोंगर चढलो. गुडघा दुखत होता, तरी थांबलो नाही. वैद्य म्हणतात, आता बर्फावर उतरायचं नाही."

पारख्याने काठी पुढे केली. पोराने ती अंगाला लावून पाहिली. अगदी त्याच्या मापाची होती.

"कधी केलीत?"

"तुला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

पोरगा रागावला नाही. रागावला असता तर म्हाताऱ्याला सोसलं असतं. पोराने काठी उलटी केली, तिचं वाकडं टोक काखेत धरलं आणि तिच्यावर भार टाकून लंगडत घराकडे निघाला. लाकूड चांगलं वाळलेलं होतं, जराही वाकलं नाही. म्हातारा ओंडक्यावर बसून रडत राहिला.

तात्पर्य एवढंच: कौतुकाने बिघडणारी माणसं थोडी, कौतुकाची वाट पाहून मोडणारी फार. कुणाबद्दल मनात चांगलं आलं, तर ते त्याला त्याच दिवशी सांगावं.