कुलूप नसलेले फाटक

हे फाटक बघा. भिंत गेली, बंगला गेला, फाटक तेवढे उभे आहे, तेही सताड उघडे. त्याला लोंबकळून फोटो काढू नका, आमच्या कुसरोंडी गावाला ते आवडत नाही. गावातली मुलगी सासरी निघाली की वरात इथे थांबते. आई तिच्या ओटीत एक किल्ली घालते आणि कानात काहीतरी सांगते. वऱ्हाडी विचारतात, काय सांगितले? आम्ही त्यांना सांगत नाही. तुम्ही पाहुणे, तुम्हाला सांगते.

प्लेगच्या साली इथे एक गोरा साहेब राहत असे. त्याची मडम प्लेगने गेली आणि त्याने धसका घेतला. खालच्या गावातला रोग वर टेकडीवर येऊ नये म्हणून त्याने फाटकाला कुलूप घातले. आतले कुणी पळू नये म्हणून शिडी, पहार, कुदळ सगळे भिंतीबाहेर फेकले. कोठीत धान्य होते, विहिरीला पाणी होते. आत राहिले तिघे: साहेब, त्याची सहा वर्षांची मेबल आणि तिला सांभाळणारी आमच्या गावची ठकूबाई. ठकूबाईचे तान्हे पोर खाली सासूपाशी होते. तिने साहेबाचे पाय धरले, पण तो ऐकेना.

सासू रोज सकाळी पोराचे दुपटे गावातल्या जांभळीवर वाळत घाली. टेकडीवरून ते दिसले की पोर बरे आहे, अशी खूण ठरली होती. त्या एका फडक्याकडे बघत ठकूबाई महिनोन्‌महिने कोंडून राहिली. मनातले बोलायचीही चोरी, कारण साहेबाला मराठी इतके येई म्हणे, की ओवीतला टोमणासुद्धा कळे. मग तिने आणि मेबलने एक खेळ काढला. साहेबाचाच इंग्रजी शब्द घ्यायचा, पहिले अक्षर शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च लावायचा. गेटचे झाले चेट ग, आणि की, म्हणजे किल्ली, तिचे झाले ची क. साहेब हसे आणि पोरखेळ म्हणून सोडून देई.

एका सकाळी जांभळीवर दुपटे नव्हते. दुसऱ्या सकाळीही नव्हते. साहेब समोर चहा पीत बसला होता. मेबलची वेणी घालता घालता ठकूबाई म्हणाली, "ची क, बेबी."

साहेब अंघोळीला गेला तशी पोरीने किल्ली आणून दिली आणि तिचा पदर घट्ट धरला. "चम क, चॅक ब," ती म्हणाली. कम बॅक. ठकूबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, दिवस मावळायच्या आत येते.

इथे तिची चूक झाली. मेबल आपल्या मागे रानात येऊ नये म्हणून तिने फाटकाला बाहेरून कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

खाली गाव ओस पडले होते. प्लेगच्या भीतीने माणसे माळावर झोपड्या टाकून राहिली होती, पण कुठल्या माळावर हे सांगायलाही कुणी नव्हते. दोन दिवस ती शोधत फिरली. किल्ली कनवटीला टोचत होती, पण पाय मागे फिरेनात. पोर सापडले तेव्हा ते सासूच्या मांडीवर धडधाकट खेळत होते.

तिसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन ती टेकडी चढली. फाटकाच्या आत साहेब बसला होता. गज हलवून त्याच्या हातांची सालटी निघाली होती. त्याने दोन दिवस चांगल्या मराठीत हाका मारल्या, पण ऐकायला गावात होतेच कोण? मेबल गजांना धरून बसल्या घशाने तेच ते पुटपुटत होती.

ठकूबाईने कुलूप काढले. साहेबाने हात उगारला नाही. त्याने एवढेच विचारले, "ही दोन दिवस काय म्हणते आहे?"

"तुमचीच भाषा आहे, साहेब. परत ये, म्हणते."

तेव्हा साहेब लेकीला पोटाशी धरून रडला, असे सांगतात. मग त्याने स्वतःच्या हाताने ते कुलूप विहिरीत टाकले. किल्ली ठकूबाईकडेच राहिली. पुढे तिने ती आपल्या लेकीच्या ओटीत घातली आणि कानात मेबलचे शब्द सांगितले.

आजही ज्या घरची मुलगी सासरी गेली, त्या घराला आमच्या गावात कुलूप लागत नाही. ही माझी किल्ली. ती कुठल्याच कुलपाला लागत नाही. सासरी मला तीन वर्षे उंबरा ओलांडू दिला नव्हता. चौथ्या वर्षी मी निघून आले, तेव्हा आई झोपली होती आणि दार नुसते लोटलेले होते.