चंदेरी इंजिन

“मग करंट जातो कुठं, चाचा?”

सुजितनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचा बॉनेटखाली वाकून नुसते बघत राहिले.

दिवे लागत होते. हॉर्न वाजत होता. चावी फिरवली की इंजिनातून फक्त ‘टक्’ एवढंच यायचं.

साडेनऊ झाले होते. साडेबाराला जतला माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. लग्नानंतर मी सुजितबरोबर पहिल्यांदाच माहेरी निघाले होते, आणि साडी नेसून, बॅग घेऊन पायरीवर उभी होते. आठची एसटी आम्ही सोडली होती, कारण जायचं ते गाडीनंच.

सुजितनं महिनाभर घरीच इंजिनाचे भाग काढून, घासून, चंदेरी रंगवले होते. नट-बोल्ट माझ्या रुखवतातल्या वाट्यांत. इंजिनाचं झाकण माझ्या मामानं दिलेल्या ओव्हनमध्ये वाळवलेलं. त्या ओव्हनमधला तो पहिला पदार्थ.

दर रविवारी तो चाचांच्या गॅरेजात शिकायला जायचा. रंगाचं मात्र त्यांना विचारलं नव्हतं. एकदम दाखवायचं होतं.

“बॅटरी नवीन आहे. स्टार्टर परवाच तपासला. वायरी तर मी स्वतः...”

“सुजित.”

“हां?”

“हात खिशात घाल.”

त्यानं घातले. खिशातसुद्धा बोटं हलत होती.

माझा फोन वाजला. “ताई, निघालीस का गं?”

“निघालेच,” मी म्हटलं. चपला घातलेल्या होत्या, तेवढं खरं होतं.

“चाचा, दिसतंय कसं ते तरी सांगा,” सुजित म्हणाला.

“नवरीसारखं. हात लावायची सोय नाही.”

तो खूश झाला. सकाळपासून गाडी बघून गेलेल्या सहा जणांचा चहा मीच केला होता.

“पॉलिश पेपर आण,” चाचा म्हणाले.

बॅटरीची काळी वायर इंजिनाला जिथं बसते, तिथला बोल्ट त्यांनी सोडवला. वायरीखालची जागाही चंदेरी होती. गुळगुळीत.

“करंट इथवर आलाय,” चाचा म्हणाले. “रंगापाशी थांबलाय.”

ते घासायला लागले.

“चाचा... तिथं तीन हात दिलेत.”

“दिसतंय.”

“सगळ्यात चांगला तिथंच बसला होता...”

खर्र... खर्र...

सुजितनं तोंड फिरवलं. मी घड्याळ बघितलं. चाचांना कसलीच घाई नव्हती.

रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं. वायर बसवून त्यांनी बोल्ट आवळला.

“मार चावी.”

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि पुढं जाऊन बसले.

सुजित मात्र उतरला. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

“आता हे कशाला?” चाचांनी विचारलं.

“कडेकडेनं झाकतो फक्त. दोन मिनिटं. सासरे बॉनेट उघडून बघणार हो, चाचा. एवढं सगळं केलं, आणि नेमकं मधेच हे उघडं...”

चाचांनी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं. मग बॉनेट खाली घेतलं.

“बघू देत की. पहिल्यांदा हीच जागा दाखव.”