उलटा उभा साग

एका राज्यात सुतार झाडांना विचारून मगच कुऱ्हाड उचलत, आणि झाडंही हो-नाही स्पष्ट सांगत. तिथला राजा भद्रसेन मनाने मऊ आणि वचनाला कडक होता. त्याच्या पूर्वजांनी शिळेवर एकच कायदा कोरून ठेवला होता : ‘न्याय खांबाच्या सावलीत व्हावा.’ जुना मंडप पडला, तेव्हा राजाने नवा बांधायला घेतला. पूर्वेला एक दार, पश्चिमेला एक दार आणि मधोमध एकच खांब, सागाचा.

सागच का, हे त्या राज्यातली लहान मुलंही सांगत. सागाच्या अंगात तेल असतं. त्याला वाळवी शिवत नाही. पावसाने तो फुगत नाही, उन्हाने पिळवटत नाही, आणि रंध्याखाली शहाण्या बैलासारखा सरळ चालतो. दीडशे वर्षांच्या एका सागाने तीन दिवस विचार केला आणि होकार दिला. पडताना तो एवढंच म्हणाला, "मला उभं कराल तेव्हा बुडखा खाली ठेवा. डोक्यावर उभं राहायची मला भीती वाटते."

खांबाचं काम यमाजी सुताराकडे आलं. यमाजी म्हातारा झाला होता, त्याची नजर अधू झाली होती, तरी तो हाताने लाकूड वाची. तासून चौकोनी केलेल्या ओंडक्याची दोन्ही टोकं सारखीच दिसतात, म्हणून त्या राज्यातले सुतार आधी बुडख्याला गेरूचा पट्टा ओढत आणि मगच तासायला वाकस हाती घेत. यमाजीनेही पट्टा ओढला.

यमाजीला केवडा नावाची एक मुलगी होती. चौदा वर्षांची, बारीक नजरेची. तिला सगळं दिसे, पण चार माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. खांब घासण्याचं काम तिचं होतं. मांजराच्या जिभेसारखी खरखरीत खरवतीची पानं घेऊन ती खांब घासत बसली. एक दिवस घासला, दोन दिवस घासला. तिसऱ्या दिवशी खांब इतका गुळगुळीत झाला की त्याच्यावरून मुंगी घसरली. केवडाला इतका आनंद झाला की ती टोकापर्यंत घासत गेली. गेरूचा पट्टा भुकटी होऊन तिच्या मांडीवर पडला, तो तिने झटकून टाकला.

दुसऱ्या सकाळी शंभर माणसं दोर घेऊन उभी राहिली. यमाजीने खांबावरून हात फिरवला. हाताला रेषा लागेना, गाठ लागेना.

"बुडखा कुठला रे?" त्याने विचारलं.

"हा काय इकडचा," मुकादम घाईने म्हणाला.

केवडाने पाहिलं. फांदी वर जाते, म्हणून लाकडातली गाठ शेंड्याकडे कललेली असते. गाठी सांगत होत्या की मुकादमाचं टोक शेंड्याचं आहे. तिने तोंड उघडलं. शंभर माणसं तिच्याकडे बघतील असं तिला वाटलं आणि तिने तोंड मिटलं. दोर ताणले गेले. खांब उभा राहिला. त्याच्यावर लाखेचे सात हात चढले, तो आरशासारखा चमकू लागला, आणि गाठी दिसेनाशा झाल्या.

पहिल्या सभेला राजा खांबाखाली बसला. यमाजीला पुढे बोलावून तो प्रेमाने म्हणायला गेला, ‘याला सोन्याचं कडं घाला.’ तोंडून निघालं, "याला लोखंडी बेडी घाला."

राजा दचकला. ‘नाही, नाही, त्याला सोडा,’ असं तो म्हणायला गेला आणि म्हणाला, "हो, हो, त्याला कोंडा!"

त्या दिवसापासून मंडपात ज्याच्या मनात जे असेल त्याच्या उलट तोंडून निघू लागलं. चोराला शाल मिळाली, ज्याची गाय चोरीला गेली होती त्याला फटके मिळाले. फक्त राजाच्या भाटांना काही फरक जाणवला नाही. ते आधीपासूनच मनात असे त्याच्या उलट बोलत.

मंडपाबाहेर राजा नीट बोले, पण बाहेरच्या शब्दाला कायद्याने किंमत नव्हती. रोज सकाळी तो यमाजीला सोडायला म्हणून आत जाई आणि तुरुंगाला आणखी एक कुलूप लावून येई. एकदा त्याने युक्ती केली. मनात मुद्दाम ‘कोंडा’ असं धरलं. पण खांबाला वरवरचं मन आणि खरं मन वेगळं कळत होतं. दहावं कुलूप लागलं. अकराव्या दिवशी राजाला रडू आवरेना. ‘या म्हाताऱ्याला दीर्घायुष्य लाभो,’ असं म्हणायला तो गेला आणि सगळ्यांनी ऐकलं, "पौर्णिमेच्या सकाळी याचं डोकं उडवा."

पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

केवडा मंडपाच्या पश्चिमेच्या अंगणात कोपऱ्यात उभी होती. आत जायचं तिला धाडस होत नसे, म्हणून ती रोज तिथेच उभी राही. एवढ्यात मंडपातून टक-टक-टक असा आवाज आला. लाल तुऱ्याचा एक सुतारपक्षी आत शिरून खांबाला चोच लावत होता. तो उडत तिच्याजवळ आला.

"तूही सुतार, मीही सुतार," पक्षी म्हणाला. "म्हणून घरातली गोष्ट घरात सांगतो. खांब उलटा आहे. त्याच्या डोक्यात रक्त उतरलंय."

"मला माहीत आहे," केवडा हळूच म्हणाली.

"माहीत आहे? आणि गप्प बसलीस? चोच नव्हती का तुला?"

केवडाच्या डोळ्यांत पाणी आलं. पक्षी वरमला. "बरं बरं. शाप वनकर्णीचा आहे. रानातली सगळी झाडं जिच्या कानात बोलतात ती जादूगारीण. चल माझ्यामागून."

वनकर्णी एका वारुळाजवळ बसली होती. तिच्या कानांतून कोवळी पालवी फुटली होती.

"शाप मी रागाने दिला नाही," ती म्हणाली. "तो साग दिवसभर माझ्या कानात रडतो. जोवर झाड डोक्यावर उभं, तोवर त्याच्याखाली शब्द डोक्यावर उभे."

"खांब सरळ केला तर?"

"तर शाप सरेल. पण छप्पर तोलून खांब फिरवायचा, हे हलक्या लाकडाचं काम नाही. मला तीन गोष्टी आणून दे. कुऱ्हाड लावायची नाही. पाण्यात बुडतं ते लाकूड. वाकतं पण मोडत नाही ते लाकूड. तिसरी गोष्ट मागाहून सांगेन."

पहिल्या दिवशी केवडा नदीच्या डोहावर गेली. पुरात आलेले ओंडके पाण्यावर तरंगत होते. सावरीचा ओंडका तर कागदाच्या होडीसारखा गिरक्या घेत होता. "मला घे, मी उचलायला सोपी," सावर म्हणाली. "तू खेळण्यांना आणि काडेपेट्यांना चांगली," केवडा म्हणाली, "छपराखाली चिरडशील." ती वाकून डोहाच्या तळाशी बघत राहिली. तळाशी दगडांत एक दगड असा होता की त्याला वर्षांची वलयं होती. ती गळ्याइतक्या पाण्यात उतरली आणि तिने पायाने तो चाचपला. तो अंजनाचा ओंडका होता, काळसर तांबडा आणि लोखंडासारखा. खिळा मारला तर खिळाच वाकेल असा.

"शंभर वर्षं मला कुणी हाक मारली नाही," अंजन म्हणाला. "माझ्यावर करवतीचे दात जातात ना."

"आबांना सोडवायला छपराला टेकू हवा आहे," केवडा म्हणाली.

अंजन पाण्यातून उठून चालू लागला. त्याच्यामागून त्याचे अकरा भाऊ निघाले.

दुसऱ्या दिवशी ती रानात फिरली. झाडांच्या फांद्यांना ती लोंबकळून बघत होती. शिसवीने तिला आधी गाठलं. "माझ्याकडे बघ. जांभळा रंग, काळ्या रेषा. तेलाचा एक हात दिलास तर त्यात तुझं तोंड दिसेल. राणीचा पलंग माझाच." केवडा लोंबकळली. फांदी काड्‌कन मोडली. "मी पलंग आहे, झोपाळा नाही!" शिसवी रुसून म्हणाली. हळदूने पिवळाधमक हात पुढे केला, पण तो फण्या कोरायला चांगला, ओझ्याला नाही. ऐन वृक्ष ताकदीचा खरा, पण वाळताना चिरतो, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

दुपारी केवडा दमून बसली. आबांच्या कुऱ्हाडीची तिला आठवण झाली. कितीही घाव घातले तरी हाताला झिणझिण्या येत नाहीत, असा तो दांडा. आबा दर उन्हाळ्यात त्याला जवसाचं तेल पाजत आणि म्हणत, "धावडा सगळा मार स्वतः खातो, पोरी." ती उठली आणि धावड्याच्या फांदीला लोंबकळली. फांदी जमिनीपर्यंत वाकली आणि अशी उसळली की केवडा करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. धावडा हसला. अंगभर काटे घेऊन केवडाही हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग बारा धावडे तिच्यामागून निघाले.

तिसऱ्या दिवशी वनकर्णी म्हणाली, "दोन गोष्टी आणल्यास. तिसरी ही की, त्या सकाळी तुझ्या घशात अडकलं ते खांबाच्या समोर सगळ्यांना सांग. त्याशिवाय साग आपल्याला हात लावू देणार नाही."

केवडाने हात जोडले. "दुसरं काहीही सांगा. वाघिणीचं दूध सांगा."

"वाघीण परवाच देऊन गेली," वनकर्णी म्हणाली. "तुझाच शब्द हवा."

पौर्णिमेची सकाळ झाली. यमाजीला बेड्यांसकट मंडपात आणलं. राजा तोंडात उपरण्याचा बोळा घालून बसला होता, न जाणो आणखी काही निघेल. केवडा पूर्वेच्या दारातून आत शिरली. सगळ्यांच्या माना वळल्या. ‘चूक माझी आहे, आबांची नाही,’ असं म्हणायला तिने सगळं बळ एकवटलं. तोंडून निघालं, "चूक आबांची आहे! माझी नाही!"

सभेत कुजबुज झाली. केवडाने तोंडावर हात दाबला. पण यमाजी हसला. त्याच्याही मनात असेल त्याच्या उलटच तोंडून निघालं, "दूर हो! मला तुझी लाज वाटते." आणि त्याचे अधू डोळे इतके मायेने भरले होते की केवडाला सगळं सरळ ऐकू आलं.

ती रडत पश्चिमेच्या दारातून बाहेर पळाली आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. "चूक माझी आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. शब्द नीट निघाला. तिने खाली पाहिलं. पूर्वेच्या दारातून कोवळं ऊन आत आलं होतं आणि खांबाची लांबलचक सावली उंबरा ओलांडून तिच्या पायांपर्यंत आली होती. रोज ती इथेच उभी राही. रोज तिच्या पायांवर ही सावली पडे. आज ती तिने पाहिली. सावली जमिनीवर आडवी होती. आडव्याला ना डोकं ना पाय, मग तिच्यात शब्द उलटा कसा व्हावा?

सगळं राज्य समजत होतं की ‘सावलीत’ म्हणजे आश्रयाखाली, खांबापाशी. शिळेवर मात्र सावली असंच लिहिलं होतं.

सूर्य चढत होता. सावली आखडत होती. केवडाने हाक मारली. आपल्याला इतका मोठा आवाज आहे हे तिला माहीत नव्हतं.

"महाराज! बाहेर या! न्याय सावलीत! ही बघा सावली!"

राजाने बोळा फेकला आणि तो सिंहासनावरून उठून धावत आला. प्रधान मागून ओरडत होता, "थांबू नका महाराज, पळा!" म्हणजे त्याला थांबा असं म्हणायचं होतं. राजाने सावलीत पाय ठेवला. उंबऱ्याबाहेर ती आता जेमतेम हातभर उरली होती.

"सोडा," राजा म्हणाला आणि स्वतःचा शब्द ऐकून थरथरला. "यमाजीला सोडा. ती सगळी कुलुपं मोडा. त्याचं आयुष्य मोठं होवो."

"महाराज, त्याआधी माझं ऐका," केवडा म्हणाली. अंगणात शंभरांहून जास्त माणसं होती. "गेरूचा पट्टा मी पुसला. खांब उलटा उभा राहताना मला दिसला. मी बोलले नाही. साग दादा, मला क्षमा करा."

मंडपातून एक लांब उसासा आला, आणि खांबावरची सातपदरी लाख पापुद्रे होऊन गळून पडली. खाली गाठी दिसल्या, सगळ्या जमिनीकडे कललेल्या. मुकादमाने मान खाली घातली.

मग बाहेर थांबलेले बारा अंजन छपराखाली खांदे लावून उभे राहिले, आणि एकाचाही गुडघा वाकला नाही. बारा धावडे खांबाखाली शिरले, वाकले, आणखी वाकले, आणि खांब अलगद उचलला गेला. शंभर माणसांनी दोर धरले. यमाजीने मोकळ्या हातांनी खांब चाचपला. रेषा हाताला लागत होत्या, बुडखा त्याला कळला होता. तरी त्याने विचारलं, "बुडखा कुठला ग?"

सगळ्यांनी केवडाकडे पाहिलं.

"बुडखा इकडे!" केवडा म्हणाली.

खांब फिरला आणि आपल्या पायांवर उभा राहिला. त्याच क्षणी प्रधान मंडपातून म्हणाला, "महाराज, मला फार भूक लागली आहे," आणि ते खरं होतं.

राजाने यमाजीच्या हातात सोन्याचं कडं घातलं. नंतर लाख चढवायला माणसं आली तेव्हा यमाजीने त्यांना परत पाठवलं. त्याने केवडाला जवसाच्या तेलाची वाटी दिली, आणि दोघांनी खांबाला फडक्याने तेल चोळलं, एकच हात, गाठी दिसतील एवढाच. मग गेरूचा खडा तिच्या तळव्यावर ठेवून तो म्हणाला, "पट्टा तू ओढ."

तो लाल पट्टा अजून तिथे आहे. आणि त्या राज्यात कुणी लाजून बोलता बोलता अडलं, तर मोठी माणसं रागावत नाहीत. जरा थांबतात आणि हळूच विचारतात, "बुडखा कुठला?"