कोळशावर पांघरलेलं शीड

बंदरात आगबोटीचा भोंगा नवा होता, तेव्हाची गोष्ट. सगळा माल आगबोटीतून जाऊ लागला, तसं इब्राहिम तांडेलाने आपल्या गलबताचं शीड उतरवलं आणि धक्क्यावर आगबोटीसाठी रचलेल्या कोळशावर पांघरलं. "भिजू देऊ नकोस हं त्याला," तो शिडाला हळूच म्हणाला.

ज्याने पोटावर पाय दिला, त्यालाच झाकायचं? पाऊस आला की मुद्दाम सरकायचं, असं शिडाने ठरवलं.

दुपारी खाडीवरून वारा आला. सवयीने शीड फुगलं. खालून कोळसा झोपेतच पुटपुटला, "वारा ना हा? मी झाड होतो, तेव्हा माझ्या पानांत खेळायचा. उद्या मला भट्टीत टाकतील."

शिडाने एक कड उचलून वाऱ्याला आत घेतलं. संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा ते कोळशाला घट्ट बिलगलेलं होतं.